नानांचा उजवा हात

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
१५ मार्च २०२६

प्रिय संचिता,

अनेक उत्तम आशीर्वाद.

स्मरणिकेसाठी लिहिलेल्या तुझ्या लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात तू लिहितेस की, ६ एप्रिल १९३० रोजी क्रांतिवीर दत्तारामजी आरोंदेकर यांनी खाडीकाठच्या मिठागरावर शिपायाच्या हातातली लाठी हिसकावून घेतली, उजव्या हाताने ती आभाळात उंचावली, आणि तो शिपाई चिखल तुडवीत पळत सुटला. या एका वाक्यात चार विधाने आहेत आणि चारही चुकीची आहेत. ती तारीख दांडीची आहे, आपल्या खाडीवरची नव्हे. लाठी कोणी हिसकावली नाही. उजवा हात उंचावला गेला नाही. त्या दिवसानंतर तर तो कधीच उंचावला गेला नाही, त्याविषयी पुढे लिहितो. आणि शिपाई पळाला नाही. ‘दत्तारामजी’ असेही त्यांना हयातीत कोणी म्हटल्याचे मला स्मरत नाही. गावाला ते दत्तामास्तर होते, घराला नाना होते, मला वडील होते आणि तुला पणजोबा.

दर रविवारी आपण फोनवर बोलतो. मग आज पोस्टाने पत्र कशासाठी, असा प्रश्न तुला पडला असेल. माजिवड्याच्या तुमच्या इमारतीतल्या पत्रपेटीत वीजबिलाखेरीज काही पडत नाही, असे तूच मला हसून सांगितले होतेस. कारण शेवटी सांगतो. मधले वगळून आधी शेवट वाचू नकोस. तुझी ती सवय मला लहानपणापासून ठाऊक आहे.

तू लेख पाठवलास तेव्हा मी लाल पेन घेऊन बसलो, हे खरे. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाचा हात आधी तिकडेच जातो. ‘जेष्ठ’चे ‘ज्येष्ठ’ केले, ‘मीठागर’चे ‘मिठागर’ केले, ‘ते जेलमध्ये गेलेले’ याचे ‘ते तुरुंगात गेले’ असे केले. तुझी आजी समोर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, “झालं का शुद्धलेखन? आता त्यात मजकूर काय आहे तेही एकदा वाचा. तुमच्या वडलांनी कुणाला तरी बडवलंय त्यात.” मी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले. लेखाचे नाव ‘मिठागराचा वाघ’. संचिता, ज्या माणसाने घरात शिरलेली घूस पकडून, गोणीत घालून, खाडीपर्यंत चालत नेऊन सोडली, त्याला तू वाघ केलेस. घूस दुसऱ्या दिवशी परत आली, हा भाग निराळा.

नाना त्या दिवसाविषयी फारसे बोलत नसत. मला जे ठाऊक आहे ते काही आईकडून आणि बरेचसे दगडूकाकांकडून. दगडूकाका कोण ते पुढे येईल. दांडीला निघण्यापूर्वी गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून आपण काय करणार आहोत ते कळवले होते. नानांनी गांधीजींच्या पुष्कळ गोष्टी ऐकल्या, काही आचरल्या, काही सोडून दिल्या. पण ही एक गोष्ट त्यांच्या अंगात इतकी मुरली की ती त्यांची रीत होऊन बसली. कायदा मोडायचा तर आधी कळवून मोडायचा. कोणता, कोठे, किती वाजता, किती माणसे, सगळे लिहून द्यायचे. त्यांनी ठाण्याच्या फौजदाराला पाठवलेल्या पत्राचा मजकूर आईला तोंडपाठ होता: “येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही अकरा जण खाडीवरील मिठागरातून मीठ उचलणार आहोत. आमच्यापैकी कोणाजवळही शस्त्र नसेल. आपणांस गैरसोय होऊ नये म्हणून आगाऊ कळवीत आहे.” गैरसोय होऊ नये म्हणून! त्या वेळी आई सतरा वर्षांची होती. ती म्हणाली होती, “पोलिसांना आवतण धाडलंत, आता त्यांच्या चहाचंही बघू का?” नानांनी गंभीरपणे विचार करून सांगितले, “नको. मग ती लाच होईल.”

दिवस त्यांनी मे महिन्यातला निवडला, कारण शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. मुलांचा अभ्यास बुडवून स्वराज्य आणायचे नाही, असे त्यांचे मत. आता हे तुझ्या लेखात शोभणार नाही, मला कळते. वाघाला उन्हाळ्याची सुट्टी नसते.

त्या रविवारी अकरा जण खाजणाच्या बांधावरून एकामागे एक चालत गेले, सर्वांत पुढे नाना. समोर पोलिसांची रांग वेळेवर उभी होती, कारण वेळ नानांनीच दिली होती. नाना मिठाच्या ढिगाशी वाकले, उजव्या मुठीत मीठ घेतले आणि उभे राहिले. फौजदाराने हुकूम दिला. समोरच्या शिपायाने लाठी उचलली. नानांनी हात वर केला नाही, डोके झाकले नाही, मागे सरले नाहीत. लाठी उजव्या खांद्यावर बसली. सांधा फुटला. मूठ मात्र, दगडूकाका सांगत, मोठ्या कष्टाने उघडावी लागली. आत मिठाचा चिखल झाला होता. पुढे सहा महिने सक्तमजुरी झाली. तुरुंगात हाड कसेबसे जुळले, ते वाकडेच जुळले.

आता त्या हाताविषयी. माझा जन्म १९४० चा. मी त्यांचा तो हात खांद्याच्या वर गेलेला एकदाही पाहिला नाही. टोपी ते डाव्या हाताने घालत, म्हणून ती नेहमी थोडी उजवीकडे कलंडलेली असे. घरातल्या फोटोतही तशीच आहे, पाहा. फळ्यावर त्यांना खालच्या अर्ध्या भागातच लिहिता येई. वरचा अर्धा फळा कोरा. नवीन मुले हसत, जुनी मुले त्यांना कोपर मारून गप्प करत. सदऱ्यात आधी उजवा हात घालावा लागे, तो आई घालून देई, आणि घालून देताना रोज एकच वाक्य म्हणे, “या, सरकार.” चरखा मात्र फिरे, कारण त्याला हात खालीच लागतो. उभे राहताना ते डाव्या हाताने उजवे कोपर खालून धरून उभे राहत, जणू झोपलेले मूल सांभाळत आहेत. नानांना आठवताना मला चेहऱ्याआधी ते उभे राहणे आठवते.

मी नऊ वर्षांचा असेन. एके दिवशी संध्याकाळी एक दणकट माणूस अंगणात येऊन उभा राहिला. पायरी चढेना. आईने विचारले, कोण पाहिजे? तो म्हणाला, “मास्तर हायत का? मी दगडू. मिठागरावर होतो.” आईने आत वळून नानांना हाक मारली. नाना बाहेर आले. त्यांनी त्याला पाहिले, ओळखले आणि म्हणाले, “या. बसा. तुमचा नेम त्या दिवशी जरा चुकला. डोक्यावर बसायची ती खांद्यावर बसली.” तो माणूस खाली मान घालून म्हणाला, “चुकला नाही मास्तर. चुकवला.” मग पायरीवरच बसला आणि रडला. हुकूम डोक्याचा होता. त्याने लाठी उचलली आणि खाली येता येता हाताला एक वीतभर वळण दिले. फौजदाराच्या लक्षात ते आले होते. दगडूची पदोन्नती तेथेच संपली. शिपाई म्हणून लागला होता, शिपाई म्हणूनच निवृत्त झाला. हे त्याने त्या दिवशी सांगितले नाही. बऱ्याच वर्षांनी त्याच्या बायकोने आईला सांगितले.

त्याला आणखी एक सांगायचे होते, ते त्याने चहा झाल्यावर सांगितले. मला त्यातला शब्द न् शब्द आठवतो: “तुमचं पत्र आमाला वाचून दाखवलं होतं. रातभर डोळा नाही लागला. न कळवता आला असतात तर मी रागानं हाणलं असतं, सवयच ती. पण कळवलेल्या माणसाला हाणताना हात जड होतो.”

त्या दिवसापासून तो आमचा दगडूकाका झाला. निवृत्तीनंतर तो खडवलीला आपल्या गावी भाताचे दोन तुकडे कसत राहिला. दर दिवाळीत नाना खडवलीला जात आणि दर उन्हाळ्यात तो आंब्याची पाटी घेऊन आमच्याकडे येई. त्याला मुलगा नव्हता. एक मुलगी, नंदा. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मला बहीण नव्हती. पुढचे तुला ठाऊकच आहे: ज्या नंदाआत्याकडून तुला लहानपणी करवंदे येत, ती हीच. ती आपली रक्ताची आत्या नाही, एवढे तुला सांगितले होते. ती कोणाची मुलगी हे सांगायचा प्रसंग आला नव्हता. आज आला.

पंधरवड्यापूर्वी नानांचा पुतळा उभारणाऱ्या तुझ्या स्मारक समितीने ते भित्तिपत्रक सगळ्यांच्या फोनवर पाठवले. वर नानांचे चित्र, हातात लाठी, खाली शिपाई चिखलात पडलेला, आणि तुझ्या लेखातले ते वाक्य ठळक अक्षरांत. ते खडवलीला पोहोचले. नंदाला हल्ली बारीक दिसत नाही, सुनेने वाचून दाखवले. तिचा फोन आला. म्हणाली, “भाऊ, माझ्या बापाला पळपुटा म्हणलंय तुमच्या नातीनं.” मी म्हटले, नंदा, तिला ठाऊक नाही. ती म्हणाली, “ठाऊक नसलं की काहीपण लिवायचं का? आमच्या घरात दुसरं काय हाय सांगायला? जमीन गेली, विहीर गेली. एवढी एकच गोष्ट होती, बापानं हात वळवला. तीपण काढून घेतली.” मी तुझा आजोबा आहे, आणि तिचा भाऊ आहे. दोन्ही नाती एका फोनमध्ये मावेनात. शेवटी तिनेच विचारले, गुडघा कसा आहे, आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी तुला फोन केला होता. तुला आठवत असेल. तू कार्यालयातून निघत होतीस. तू म्हणालीस, “आबा, मला कळतंय तुमचं. पण लोकांना ॲक्शन लागते. एक माणूस नुसता उभा राहून मार खातोय, हे पोस्टरवर कसं दाखवणार? कोणी थांबून बघणार पण नाही.” मी म्हटले, मग न थांबता जाऊ देत. तू म्हणालीस, “असं नाही ना चालत. आणि मी हे नानांसाठीच करतेय. नाहीतर कोणाला माहीत होते ते?” हे तू प्रेमाने म्हणालीस, मी जाणतो. स्मारकासाठी तू गेले वर्षभर किती खेपा घातल्यास तेही मी पाहिले आहे. म्हणूनच माझा संताप अधिक आहे. परक्याने हे केले असते तर मी वर्तमानपत्राला चार ओळींचा खुलासा पाठवून मोकळा झालो असतो.

मग समितीचे अध्यक्ष, ते सुमित, घरी आले. मुलगा वाईट नाही. पायांना हात लावला, आजीच्या हातचे पोहे खाल्ले. म्हणाला, “काका, फील आला पाहिजे. आजकालच्या पोरांना अहिंसा म्हटलं की वाटतं घाबरट माणूस.” मी विचारले, आणि तुम्हांला काय वाटते? तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, “खरं सांगू? मलापण थोडं तसंच वाटतं.” मी त्याला दगडूकाकांची हकीकत सांगितली. त्याने डोळे मोठे केले, म्हणाला, “भारी आहे काका! पण हे पुतळ्यात कसं दिसणार?” आणि निघून गेला. जाताना मला ६ एप्रिलच्या उद्घाटनाचे निमंत्रण देऊन गेला, कारण पुतळ्यावरचे कापड मी ओढायचे आहे. निमंत्रणावर नानांपेक्षा मोठी छायाचित्रे ज्यांची आहेत, त्यांच्यापैकी एकही गृहस्थ मला ओळखता आला नाही.

आणि तुझ्या लेखातला तो शेवट! “१५ ऑगस्ट १९४७ रोजी तिरंगा फडकताना पाहून या महापुरुषाने समाधानाने डोळे मिटले.” संचिता, त्यांनी डोळे मिटले नाहीत, ते दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. त्यानंतर चोवीस वर्षे जगण्याचा अपराध त्यांनी केला. रांगेत उभे राहून रॉकेल आणले, माझ्या लग्नात पंगतीत वाढले, तुझ्या बाबांना मांडीवर घेऊन मुळाक्षरे गिरवून घेतली. १९५३ साली आपल्याच आळीतल्या विहिरीवर पलीकडच्या वस्तीतल्या बायकांना पाणी भरू देईनात, तेव्हा ते विहिरीच्या कठड्याशी जाऊन बसले. त्या वेळी समोर इंग्रज नव्हता, आपलेच शेजारी होते, ज्यांच्या मुलांना ते शिकवत होते. तेव्हाही त्यांनी आधी घरोघर पत्र दिले: अमुक दिवसापासून मी बसणार आहे, तुम्ही पाणी भरा, मी अडवणार नाही, पण जोवर सगळ्यांना मिळत नाही तोवर मीही या विहिरीचे पाणी पिणार नाही. आई रोज लांबच्या नळावरून त्यांच्यासाठी तांब्या आणी आणि येता-जाता शेजारणींना ऐकवी, “आमचे हे हट्टी आहेत, पण तुमच्या घरचे काही कमी नाहीत हो!” पावसाळ्यापूर्वी विहीर खुली झाली. चौथीतल्या एका मुलाने त्यांच्या अंगावर शेण टाकले होते. तो पुढे डॉक्टर झाला आणि नानांच्या शेवटच्या आजारात तोच उपचाराला येई. ही चोवीस वर्षे तुझ्या लेखातून नाहीशी झाली आहेत. हुतात्मा लवकर मेलेला बरा असतो, नाही का? पुतळ्याला सोयीचा पडतो.

परवा मी आणि तुझी आजी रिक्षा करून कल्याणला गेलो. तुला कळवले नाही, कारण तू अडवले असतेस. मूर्तिकार राकेश याची कामाची शेड मी शोधून काढली. नानांचा मातीचा पुतळा ओल्या गोणपाटाखाली उभा होता. त्याने गोणपाट बाजूला केले. माणूस कसबी आहे. चेहरा त्याने जुन्या फोटोवरून असा उचलला आहे की मी क्षणभर मागे सरलो. कलंडलेली टोपीही आहे. आणि मग तो हात. उजवा हात, सरळ वर, मुठीत लाठी, दंडावर शिरा तटतटलेल्या. जो हात स्वतःच्या डोक्यावर टोपी ठेवू शकत नव्हता, जो आई रोज सदऱ्यात घालून देत होती, तो हात तुम्ही आभाळात उचललात. मी तेथेच खाली बसलो. आजीने पिशवीतून पाणी काढले आणि राकेशला म्हणाली, “अहो, हात खाली येईल का हा?”

तो म्हणाला, “आजी, माती आहे तोवर सगळं सोपं आहे. पाडवा झाला की साचा घेणार, मग नाही. पण ऑर्डर संचिताताईंची आहे. ताईंनी सांगितलं तर एका दिवसाचं काम.” मग त्याने मला विचारले, “वर नाही तर कुठे ठेवू हात?” मी उठलो. सांगून कळले नसते, म्हणून मी तसा उभा राहिलो: उजवा हात पोटाशी, डाव्याने कोपर खालून धरलेले. आजी एकदम म्हणाली, “अगदी मामंजी.” आणि तिने पदर डोळ्यांना लावला. माझ्या लग्नानंतर नानांचा तो हात सदऱ्यात घालण्याचे काम काही काळ तिच्याकडेही आले होते, आई आजारी असताना. मोबाइलवर राकेशने फोटो काढले, बाजूनेही काढले. म्हणाला, “असा पुतळा मी अजून केला नाही. बघणारे विचारतील, यांच्या हाताला काय झालंय?” मी म्हटले, विचारू देत. विचारलेच नाही तर सांगणार कोणाला?

तू दहा वर्षांची होतीस तेव्हा घरातल्या नानांच्या फोटोकडे पाहून तू मला विचारले होतेस, “आबा, नानांनी एकदा तरी उलटं मारायला पाहिजे होतं ना?” मी तुला ‘अहिंसा’ या शब्दातला ‘अ’ समजावून सांगू लागलो आणि तू खेळायला पळालीस. मला वाटते, त्या प्रश्नाचे उत्तर तू अजून शोधते आहेस. ते न मिळाल्यामुळे तू त्यांच्या हातात लाठी दिलीस. तर आता सांगतो. नानांनी उलट मारले असते, तर दगडूकाकांचे फार सोपे झाले असते. त्याने मारले, मी मारले, फिटंफाट. रात्री स्वस्थ झोप लागली असती. नानांनी त्याला ती सोय ठेवली नाही. आधी कळवले, वेळेवर गेले आणि उभे राहिले. आता काय करायचे ते तू ठरव, असे त्यांनी त्या शिपायाला, एकही शब्द न बोलता, सांगितले. आणि हुकमाच्या रांगेत उभ्या असलेल्या त्या माणसाने खरोखरच काहीतरी ठरवले. वीतभरच, पण त्याचे त्याने ठरवले. तुझ्या पोस्टरात एकच शूर माणूस आहे आणि तो खोटा आहे. मिठागरावर दोन होते.

आता पत्र लिहिण्याचे कारण. फोनवर हे सांगितले असते, तर तू “आबा, चिडू नका ना” म्हणाली असतीस आणि मी विरघळलो असतो. शिवाय आपल्या घरची रीत लेखी कळवण्याची आहे. तेव्हा कळवतो. पाडव्यापूर्वी तू राकेशला फोन करून तो हात खाली आणायला सांगितला नाहीस, स्मरणिकेतला आणि शिलालेखातला मजकूर बदलला नाहीस आणि नंदाआत्याला खडवलीला जाऊन स्वतः भेटली नाहीस, तर ६ एप्रिल रोजी सकाळी आठ वाजता मी आपल्या चौकात, झाकलेल्या पुतळ्याच्या पायाशी बसेन. कापड ओढणार नाही. तुम्ही ओढलेत तर अडवणार नाही. कोणाविरुद्ध घोषणा देणार नाही. सोमवार असल्यामुळे मौन आहेच, नानाही सोमवारी मौन पाळत. माझ्याजवळ फक्त सतरंजी असेल आणि पाटीवर खाली लिहिलेल्या तारखा. तुझी आजी माझ्या शेजारी बसणार आहे. तिने टोपी, रक्तदाबाच्या गोळ्या आणि चहाचा थर्मास यांची तयारी आत्ताच केली आहे, आणि “तुमचे सत्याग्रह आजवर घरातच चालले, एकदा बाहेर बघू द्या” असे म्हणते. नंदा खडवलीहून येणार आहे. आम्हां तिघांना मिळून अडीचशेच्या आसपास वर्षे झाली आहेत, तेव्हा उचलून न्यावे लागले तर दोन-चार तरुण जादा ठेव, आणि त्यांना सांग, मला खांद्याला धरून उचलू नका. संचिता, तू माझी प्रतिपक्षी आहेस आणि या जगात मला तुझ्याइतके लाडके कोणी नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मी नानांकडून शिकलो. तुला गैरसोय होऊ नये म्हणून आगाऊ कळवीत आहे.

तुझाच,
आबा

सोबत, तारखांची दुरुस्ती:

जन्म: १९०० नव्हे. ११ नोव्हेंबर १९०३, आरोंदा.

मिठागरावरील सत्याग्रह: ६ एप्रिल १९३० नव्हे. रविवार, १८ मे १९३०.

शिक्षा: ‘सात वर्षे काळे पाणी’ नव्हे. मे ते नोव्हेंबर १९३०, सहा महिने. आणि पुन्हा ऑगस्ट १९४२ पासून १९४४ च्या उन्हाळ्यापर्यंत स्थानबद्धता.

दगडूकाका आमच्या घरी आले: तुझ्या लेखात नोंद नाही. १९४९, आंब्याचा हंगाम.

विहीर खुली झाली: नोंद नाही. जून १९५३ चा पहिला आठवडा.

निधन: १५ ऑगस्ट १९४७ नव्हे. ४ नोव्हेंबर १९७१, डोंबिवली, राहत्या घरी. दगडूकाका उशाशी होते. उजवा हात त्यांनी धरला होता.

आबा चौकात बसले: सोमवार, ६ एप्रिल २०२६, सकाळी आठ. यादीतली ही एकच तारीख अजून घडलेली नाही. ती खोडायची असेल तर लाल पेन तुझ्याकडे आहे.